कुंपणातले लांडगे

बर्फातून एका ओळीत चाललेल्या लांडग्यांचे एक छायाचित्र गेली काही वर्षे आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत आहे. सोबतचा मजकूर असा की, सर्वांत पुढचे तीन लांडगे म्हातारे किंवा आजारी असून चालीचा वेग तेच ठरवतात, त्यांच्यामागे पाच धट्टेकट्टे, मग बाकीचा कळप, पुन्हा पाच बलवान आणि सर्वांत शेवटी, थोडे अंतर राखून, एकटा चालतो तो कळपाचा नेता, म्हणजेच ‘अल्फा’. कुटुंबाच्या गटात हा मजकूर सुप्रभाताच्या फुलांबरोबर येतो. माझ्यासमोर तो प्रथम आला तो मात्र लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टमध्ये, कंपनीने भरवलेल्या नेतृत्वविषयक कार्यशाळेच्या पडद्यावर. पुढच्याच स्लाइडवर अल्फा माणसाची लक्षणे दिलेली होती : रोखलेली नजर, घट्ट हस्तांदोलन, पाय फाकवून उभे राहणे आणि बैठकीत शेवटचा शब्द आपलाच ठेवणे. आजाऱ्यांच्या चालीने चालणारा पहिल्या स्लाइडवरचा लांडगा आणि कोणाचेही ऐकून न घेणारा दुसऱ्या स्लाइडवरचा साहेब हे एकाच जातीचे कसे, असे कोणी विचारले नाही, कारण जेवणाची वेळ झाली होती.

छायाचित्र खरे आहे आणि मजकूर निव्वळ रचलेला आहे. कॅनडातील वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात बीबीसीच्या २०११ सालच्या वन्यजीव मालिकेसाठी चित्रीकरण चालू असताना ते टिपले गेले. त्यात बायसनच्या शिकारीला निघालेले पंचवीस लांडगे आहेत. त्यांच्या पुढे म्हातारे नाहीत, एक अनुभवी मादी आहे. खोल बर्फ छातीने फोडत ती वाट करते आणि बाकीचे तिने मळवलेल्या वाटेने, आपली शक्ती वाचवत, मागून येतात. शेवटी चालणारा लांडगा शेवटी चालतो आहे, यापलीकडे त्याच्याविषयी काही सांगता येत नाही. इतक्या साध्या चित्रावर एवढी मोठी उतरंड रचून ती लाखो लोकांनी बिनदिक्कत पुढे पाठवावी, याचे कारण त्या चित्रात नाही. ‘अल्फा’ ही कल्पना आपल्या डोक्यात आधीच घर करून बसली होती आणि तिला केवळ एक चित्र हवे होते.

ही कल्पना लांडग्यांना चिकटली ती जंगलात नाही. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९४७ साली ते प्रसिद्ध केले. सुमारे दहा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब अशा जागेत कधी कधी दहापर्यंत लांडगे ठेवलेले होते. दोनशे चौरस मीटर म्हणजे आपल्याकडच्या मध्यम सोसायटीचे वाहनतळ. त्या जागेत शेंकेल यांना नरांची एक आणि माद्यांची एक अशा दोन उतरंडी दिसल्या, आणि दोन्हींच्या टोकाला असलेली जोडी आपापल्या प्रतिस्पर्ध्यांना सतत दाबून ठेवताना दिसली. त्यांनी जे पाहिले ते अचूक पाहिले, याविषयी मला शंका नाही. दात विचकणे, शेपटी पोटाखाली घेणे, कान मागे पाडणे, उताणे पडून पोट उघडे करणे या हालचालींची त्यांनी केलेली नोंद आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडते. प्रश्न त्यांच्या डोळ्यांचा नव्हता. त्या लांडग्यांना तेथून कुठेही जाता येत नव्हते, ही गोष्ट मात्र निरीक्षणाच्या चौकटीबाहेर राहिली.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डेव्हिड मीच यांनी १९७० साली लांडग्यांवर एक जाडजूड पुस्तक लिहिले, त्यात त्या काळी उपलब्ध असलेले हे संशोधन घेतले, आणि ‘अल्फा’ सर्वतोमुखी झाला. पुढे १९८६ पासून मीच दर उन्हाळ्यात कॅनडाच्या उत्तर टोकाजवळच्या एल्समिअर बेटावर जाऊ लागले. तेथील लांडग्यांना माणसाच्या बंदुकीचा अनुभव नव्हता. त्यामुळे ते त्यांना गुहेजवळ बसू देत, आणि जे कोणाला सहसा दिसत नाही ते त्यांना दिवसचे दिवस पाहता आले. शिकारीवरून नर परतला की पिल्ले त्याच्या जबड्याला बिलगतात, तोंड चाटतात, आणि तो पोटातले मांस त्यांच्यापुढे ओकून टाकतो. पिल्लांपाशी थांबलेली मादीही अंग चोरून, कान पाडून त्याच्याकडे अन्न मागते. बाझेलच्या पिंजऱ्यात हीच मुद्रा शरणागतीची ठरली असती. येथे ती मुद्रा केली की घास मिळतो. १९९९ साली लिहिलेल्या निबंधात मीच यांनी स्वच्छ नोंदवले की, तेरा उन्हाळ्यांत या कळपात वरच्या जागेसाठी झालेली एकही झुंज त्यांना दिसली नाही. कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची गेल्या दोन-तीन विणींची पिल्ले. ज्याला ‘अल्फा’ म्हणायचे तो कोणाला हरवून त्या जागी आलेला नसतो. त्याला पिल्ले झाली, एवढेच त्याचे कर्तृत्व असते. मग पिल्ले मोठी होतात आणि एक ते तीन वर्षांच्या वयात घर सोडून जोडीदार आणि जागा शोधायला निघून जातात.

निघून जातात, हा या सगळ्या प्रकरणाचा मर्मबिंदू आहे असे मला वाटते. माणसाळलेल्या भाषेत सांगायचे तर, वयात आलेल्या मुलाचे बापाशी पटेनासे झाले की रानात त्याला वाट मोकळी असते. प्राणिसंग्रहालयात ती नसते. जंगलात असते तर केव्हाच पांगले असते असे प्रौढ प्राणी एकाच भिंतीआड वर्षानुवर्षे राहिले, तर कोणाला तरी कायमचे वर आणि कोणाला तरी कायमचे खाली राहणे भाग पडते. शेंकेल यांनी लांडग्याच्या स्वभावाची नोंद केली असे आपण समजलो. प्रत्यक्षात ती बंद दाराआड काय होते याची नोंद होती. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या किंवा सासवडच्या बाजूच्या माळरानावर राहणारा लांडगाही असाच छोट्या कुटुंबात राहतो. मेंढरांच्या वाड्यावर नजर ठेवून असलेल्या त्या जोडीला मेंढपाळ शिव्या देतो, पण तिच्यात राजा कोण हा प्रश्न त्याला कधी पडत नाही.

मीच यांनी आपल्या पुस्तकाची छपाई थांबवावी म्हणून प्रकाशकामागे अनेक वर्षे लकडा लावला आणि २०२२ मध्ये ती थांबली. एखाद्या अभ्यासकाने स्वतःचेच गाजलेले पुस्तक बाजारातून काढून घेण्यासाठी धडपडावे, हे मला त्यातील कोणत्याही सिद्धांतापेक्षा मोठे वाटते. पण कल्पना पुस्तकाच्या आधाराने जगत नाहीत. आजही शहरातील कुत्र्यांचे कित्येक प्रशिक्षक गंभीरपणे सांगतात की, कुत्र्याच्या आधी तुम्ही जेवा, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा, तो गुरगुरला तर त्याला उताणा पाडून दाबून धरा, म्हणजे घरातला ‘अल्फा’ कोण ते त्याला कळेल. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ सालीच या पद्धतीविरुद्ध निवेदन काढले. कुत्र्याला त्यातून भीती कळते आणि घाबरलेला कुत्रा एक दिवस चावतो.

लांडग्यांच्या आधी कोंबड्या होत्या. नॉर्वेतील थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता. कोणती कोंबडी कोणाला टोचते आणि कोणाकडून निमूट टोचून घेते, याच्या नोंदी ठेवता ठेवता त्यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला टोचण्याचा क्रम जगापुढे मांडला. उतरंडीविषयीचे सगळे आधुनिक बोलणे या खुराड्यातून सुरू होते. त्यांच्याच नोंदींतील एक बाब मात्र पुढे कोणी फारशी उचलली नाही. हा क्रम नेहमी शिडीसारखा सरळ नसतो. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीला टोचते, असे त्रिकोणही त्यांना सापडले होते. म्हणजे ‘सर्वांत वरची’ ही जागाच काही खुराड्यांत रिकामी असते.

कोंबड्यांचा पुढचा अध्याय नेतृत्वाच्या कार्यशाळांत सांगायला हवा, पण तो सहसा सांगितला जात नाही. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या पिंजऱ्यात दाटीवाटीने राहू लागल्या की एकमेकींना टोचून रक्तबंबाळ करतात. एकदा रक्त दिसले की बाकीच्याही तेथेच टोचतात. म्हणून पोल्ट्रीत पिल्ले आठ-दहा दिवसांची असतानाच त्यांची चोच छाटतात. एका हातात पिल्लाचे डोके धरून चोचीचे टोक तापलेल्या पात्याला लावायचे, क्षणभर दाबायचे, पिल्लू खोक्यात टाकायचे आणि दुसरे उचलायचे. जळालेल्या शिंगासारखा वास शेडमध्ये दिवसभर राहतो. हे काम करणाऱ्यांना ते क्रूर वाटत नाही, आणि वाटले तरी त्यांच्या हातात काय आहे? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी १९९० च्या दशकात वेगळा प्रयोग केला. सर्वांत जास्त अंडी देणारी एकेक कोंबडी निवडून तिची पैदास वाढवण्याऐवजी त्यांनी सर्वांत जास्त अंडी देणारे पिंजरेच्या पिंजरे निवडले. काही पिढ्यांतच त्या पिंजऱ्यांतील मरतूक खाली आली, अंडी वाढली आणि चोच छाटण्याची गरजही उरली नाही. उलट एकेकटीच्या कर्तृत्वावर निवडलेल्या कोंबड्यांचा वंश भांडखोर निघाला, कारण आधीच्या पद्धतीत ‘उत्तम’ ठरलेल्या कोंबड्यांपैकी काहींनी आपले यश शेजारणींना टोचूनच मिळवलेले होते. ज्यांनी वार्षिक मूल्यमापनाचे तक्ते भरले आहेत त्यांना यावर अधिक काही सांगायला नको.

माणसाच्या जवळच्या नात्यातला प्राणी म्हणून चिंपांझींचा दाखला हमखास दिला जातो. नेदरलँड्समधील आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात फ्रान्स द वाल यांनी चिंपांझींच्या सत्ताकारणाचा अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिले. १९९४ मध्ये अमेरिकी नेते न्यूट गिंग्रिच यांनी नव्या लोकप्रतिनिधींना ते वाचायला सुचवले आणि ‘अल्फा’ राजधानीत पोहोचला. द वाल पुढे आयुष्यभर सांगत राहिले की, आपण वर्णन केलेला प्रमुख नर म्हणजे दंडेली करणारा गुंड नव्हे. तो भांडणे सोडवतो, दुबळ्याची बाजू घेतो, मार खाल्लेल्याला जवळ घेतो, आणि त्याचे आसन माद्यांच्या व मित्रांच्या पाठिंब्यावर उभे असते. पुस्तक वाचणाऱ्यांनी तेवढे सोडून बाकीचे घेतले. आर्नहेमच्या गोष्टीचा शेवटही विसरण्यासारखा नाही. येरून हा म्हातारा आणि निकी हा तरुण, या दोघांनी संगनमत करून १९८० साली लाउट या प्रमुखाला इतके जबर जखमी केले की तो वाचला नाही. हा हल्ला दिवसा, प्राणिसंग्रहालयात त्यांच्यासाठी केलेल्या बेटावरच्या मोकळ्या जागेत झाला नाही. तो रात्री झाला, जेव्हा ते तिघे झोपण्याच्या पिंजऱ्यांत बंद होते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या कंपनीत होतो तेथे नव्याने लागलेल्या मुलांकडून दोन वर्षांचा बाँड लिहून घेत आणि मूळ गुणपत्रिका कंपनीच्या कपाटात जमा करून घेत. आमचे विभागप्रमुख जबरदस्त समजले जात. मासिक आढाव्याच्या बैठकीत ते टेबलावर फाइल आपटत, मुलांना सर्वांसमोर उभे करून खरडपट्टी काढत, आणि कंत्राटी ऑपरेटरला, तो वयाने मोठा असूनही, सरळ ‘अरे-तुरे’ करत. वरच्या मजल्यावरच्यांना हे त्यांचे नेतृत्वगुण वाटत. एक गोष्ट मात्र आम्हां सर्वांच्या हळूहळू लक्षात आली. ज्याच्या खिशात दुसऱ्या नोकरीचे पत्र आहे असा संशय असे, त्याच्याशी बोलताना साहेबांचा आवाज आपोआप खाली येई. “अहो, बसा ना, चहा घेणार का?” हे वाक्य आम्ही केवळ राजीनाम्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांच्या वाट्याला येताना ऐकले. माणूस तोच, खुर्ची तीच आणि स्वभावही तोच. बदललेले असे ते एवढेच की समोरच्याला दार सापडले होते. म्हणूनच एखाद्या कचेरीत कोणाचा फार वचक आहे असे कानावर आले की मी आता त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विचार मागाहून करतो. आधी विचारतो की गुणपत्रिका कोणाकडे आहेत, घराचे हप्ते कोणाचे चालू आहेत, आणि त्या गावात दुसरी कंपनी आहे की नाही.

घरातही याहून फार निराळे घडत नाही. ‘दिल्या घरी सुखी राहा’ असा आशीर्वाद देऊन माहेरचे दार बंद झाले की सासरी कोणाचा ना कोणाचा धाक माजतोच. तोच धाक सुनेच्या स्वतःच्या पगाराचे खाते उघडल्यावर वर्षभरात किती निवतो, हे प्रत्येकाने आपापल्या नात्यात पाहिलेले असते.

आता जंगल म्हणजे सुखाचा ठेवा, असे कोणी यावरून समजू नये. रानातले लांडगे शेजारच्या कळपातील लांडग्यांना ठार मारतात. धारवाडजवळच्या वानरांचा अभ्यास करताना जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात पाहिले की, बाहेरून आलेले नर टोळीच्या हुप्प्याला हाकलून लावतात आणि मग नवा हुप्प्या आधीची पिल्ले मारून टाकतो. मराठी वाचकाला हे नवे नाही. वानरांच्या टोळ्यांवरची व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी, जिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली असते. बळाने मिळवलेली सत्ता निसर्गात आहे आणि ती भयंकर आहे. माझे म्हणणे एवढेच की, अनेक रीतींपैकी ती एक रीत आहे, आणि निसर्गात आहे म्हणून ती अनुकरणीय ठरत असेल तर पिल्ले मारणेही व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात घ्यावे लागेल.

ही रीत अटळ आहे का, याविषयी केनियातील बबून माकडांच्या एका टोळीची हकिकत मला विचार करायला लावते. रॉबर्ट सापोल्स्की मसाई मारा परिसरात या टोळीचा अभ्यास करत होते. शेजारच्या टोळीला पर्यटकांच्या एका लॉजमागचा उकिरडा सापडला होता. सापोल्स्की यांच्या टोळीतील सर्वांत आक्रमक नर रोज सकाळी तेथे भांडून वाटा मिळवायला जात. १९८० च्या दशकात त्या उकिरड्यावर टाकलेल्या मांसातून क्षयाची लागण झाली आणि तेथे जाणारे नर मेले. मागे राहिले ते भांडणात न पडणारे नर आणि संख्येने दुप्पट माद्या. टोळी शांत झाली, यात नवल नाही. नवल पुढे आहे. बबूनचे नर वयात आले की जन्माची टोळी सोडून दुसरीकडे जातात. त्यामुळे काही वर्षांत ते मवाळ नरही संपले आणि त्यांच्या जागी बाहेरच्या, नेहमीच्या मारामारीच्या टोळ्यांत वाढलेले नर आले. तरीही दशकभरानंतर टोळीची वागणूक तशीच राहिली : खालच्या पायरीवरच्यांना विनाकारण चोप नाही, एकमेकांच्या अंगातील किडे वेचण्यात अधिक वेळ, आणि दुबळ्या नरांच्या शरीरात ताणाच्या खुणा कमी. २००४ साली हे प्रसिद्ध झाले. नव्याने आलेल्या तरुण नराला माद्या लवकर जवळ करत, आणि इथली रीत वेगळी आहे हे त्याला काही महिन्यांत कळे. एका टोळीवरून सगळ्या प्राणिजगताचा निकाल लावता येत नाही, पण बबून ज्याला बदलू शकतो त्याला ‘स्वभाव’ म्हणून माणसाने हात टेकावेत हे बरे दिसत नाही.

उतरंड आणि दंडेली या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पाहायला आपल्याला केनियापर्यंत जायलाही नको. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याइतकी काटेकोर क्रमवारी क्वचितच दिसेल. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, त्यांचे ठरलेले क्रमांक, दिंडीत पताकेचे, टाळकऱ्यांचे आणि वीणेकऱ्याचे ठरलेले स्थान, आणि सगळ्यांवर चोपदारांची शिस्त. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावतात आणि क्षणात सारा तळ गप्प होतो. एवढ्या माणसांना एका हाताने थांबवणे यापेक्षा अधिक सत्ता ती काय असणार! पण प्रथा अशी आहे की, ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने टाळ थांबवायचा नाही. सगळीकडे शांतता आणि एका कोपऱ्यातून टाळाचा खणखणाट चालू, असे झाले की चोपदार स्वतः चालत तेथे जातात, काय झाले ते ऐकतात, आणि ऐकून घेतल्यावरच तो टाळ थांबतो. पाण्याचा टँकर आला नाही, उतरायची जागा दुसऱ्यांनी बळकावली, असल्या साध्या गोष्टी असतात. वारीतही मानपानाचे वाद होतात. तिला स्वर्ग ठरवण्याची मला हौस नाही. तरीही एवढ्या मोठ्या समुदायाने हुकूम न पाळणे हीच दाद मागण्याची अधिकृत रीत ठरवून ठेवावी, आणि हुकूम देणाऱ्यालाच तिच्याकडे पायी जायला लावावे, याची बरोबरी मी पाहिलेल्या कोणत्याही कार्यालयाने केलेली नाही. तक्रारपेटी आमच्या कंपनीतही होती. ती विभागप्रमुखांच्या केबिनच्या काचेसमोर टांगलेली होती आणि तिची किल्ली त्यांच्याच टेबलाच्या खणात असे.